गाडी आत्ता कुठे आहे?

जानेवारीतली रात्र, साडेअकराची वेळ. पुण्यात आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही, आणि माझ्या लॅपटॉपवर मात्र लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातली संध्याकाळी सहाची घाई चालू आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक काळी खिडकी उघडी आहे. तिच्यात ओळी उमटतात आणि भराभर वर सरकतात. त्यांतली एक नमुन्यादाखल थांबवून पाहू:

सीए – ०२१३ – ०२१५ – १ए२३

पुढे एक लांबलचक आकडा असतो, तो वेळेचा. निरोप एवढाच. १ए२३ या क्रमांकाची गाडी ०२१३ ही जागा सोडून ०२१५ या जागी आली. असे निरोप एकापाठोपाठ एक जोडत गेलं की धावत्या गाड्यांचा जिवंत नकाशा उभा राहतो. त्यासाठी मोठी कंपनी किंवा महागडी यंत्रं लागत नाहीत. साधा संगणक, प्रोग्रॅमिंगची जुजबी ओळख आणि सुट्टीचे काही दिवस पुरतात. जगभरात कितीतरी हौशी माणसांनी असे नकाशे केले आहेत. या प्रकरणात आपण पॅडिंग्टन ते रेडिंग या सुमारे ५८ किलोमीटरच्या, चार रुळमार्गांच्या पट्ट्याचा नकाशा बांधू.

पण बांधायला बसण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हा निरोप गाडीने पाठवलेला नाही. तो रुळांकडून आला आहे.

घड्याळावरचा भरवसा

रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात एकामागून एक गाड्या सोडायचा नियम सरळ होता. पुढची गाडी निघाली की घड्याळ बघायचं, ठरलेली मिनिटं गेली की मागची सोडायची. एव्हाना पुढची लांब गेली असेल, हा हिशेब. ती वाटेत अडकली असेल तर? ते कळायला मार्ग नव्हता.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ या हिशेबाची फार मोठी किंमत मोजावी लागली. सहलीला निघालेल्या मुलामाणसांनी भरलेली गाडी चढावर अडली. चढ पार करण्यासाठी ती मधोमध तोडली, आणि मागचे डबे उताराने उलटे सुटले. खालून वेळापत्रकाप्रमाणे सोडलेली दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि त्यामुळे प्रवासी मार्गांवर ‘ब्लॉक’ पद्धत सक्तीची झाली. मार्गाचे तुकडे पाडायचे, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. ती बाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरीला आत प्रवेश नाही. घड्याळाची जागा खात्रीने घेतली.

ही खात्री माणसाच्या नजरेवर न सोडता रुळांकडूनच मिळवायची युक्ती त्याआधी अमेरिकेत सापडली होती. विल्यम रॉबिन्सनने १८७२मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजही ती ‘ट्रॅक सर्किट’ याच नावाने ओळखली जाते. रुळांच्या जोडीचा एक तुकडा शेजारच्या तुकड्यांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. तुकडा रिकामा असतो तेव्हा वीज एका रुळातून जाते, रिलेला उचलून धरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. गाडी आत आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात. विजेला जवळची वाट मिळते, रिलेपर्यंत ती पोचत नाही, रिले खाली पडतो. तुकडा व्यापलेला, सिग्नल लाल.

यातली खरी बुद्धी कुठे आहे ते नीट पाहण्यासारखं आहे. रॉबिन्सनची पहिली रचना उलटी होती: गाडी आली की रिले उचलायचा. तिच्यात वायर तुटली किंवा बॅटरी संपली तर रिले पडूनच राहणार आणि गाडी असतानाही तुकडा मोकळा दिसणार. म्हणून त्याने मांडणी फिरवली. आता बॅटरी संपो, वायर तुटो, रूळ तडकून विजेची वाट मोडो, रिले खालीच पडतो आणि सिग्नल लाल होतो. बिघाड झाला तर यंत्रणेने धोक्याच्या बाजूने बोलायचं, हे तत्त्व त्या साध्या सर्किटात कायमचं बसलं. आपल्याकडे १९२८मध्ये जीआयपी रेल्वेने बॉम्बे व्हीटी ते भायखळा या पट्ट्यात स्वयंचलित रंगीत सिग्नल बसवले, तेही याच तत्त्वावर. पुढे आपला नकाशा बांधताना हे तत्त्व आपल्याला पुन्हा लागणार आहे.

बर्थ आणि चार अक्षरं

ट्रॅक सर्किट फक्त ‘व्यापलेला’ किंवा ‘मोकळा’ एवढंच सांगतं. आतली गाडी कोणती, हे त्याला माहीत नसतं. पन्नास-साठ गाड्या हाताळणाऱ्या सिग्नलवाल्याला तेवढ्याने भागत नाही. म्हणून त्याच्या पटावर प्रत्येक सिग्नलच्या अलीकडे एक छोटी चौकट असते आणि तिथे उभ्या किंवा येऊ घातलेल्या गाडीचा क्रमांक तिच्यात उमटतो. या चौकटीला ‘बर्थ’ म्हणतात. आपल्याला बर्थ आठवतो तो स्लीपरच्या डब्यातला, माणसाच्या झोपण्याचा. इथे तो गाडीच्या क्रमांकाच्या बसण्याचा. गाडी सिग्नल ओलांडून पुढच्या सर्किटवर गेली की तिचा क्रमांक मागच्या बर्थमधून उचलला जातो आणि पुढच्यात ठेवला जातो. हे काम करणाऱ्या यंत्रणेचं नाव ‘ट्रेन डिस्क्रायबर’. आपल्या काळ्या खिडकीत सरकणाऱ्या ओळी तिच्याच.

गाडीचा क्रमांक चार अक्षरांचा. पहिला आकडा गाडीचा प्रकार सांगतो: १ म्हणजे जलद प्रवासी गाडी, २ म्हणजे साधी प्रवासी गाडी, ५ म्हणजे प्रवाशांविना चाललेला रिकामा रेक, ६ म्हणजे मालगाडी, ० म्हणजे नुसतं इंजिन. दुसरं अक्षर बहुधा गाडीच्या दिशेचं किंवा मुक्कामाचं. या मार्गावर १ए म्हटलं की पॅडिंग्टनकडे येणारी जलद गाडी. शेवटचे दोन आकडे तिचे स्वतःचे. मुंबईकराला ही लिपी शिकायला वेळ लागणार नाही. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर ‘के’ दिसला की कल्याण, ‘एन’ दिसला की कसारा, ‘एस’ दिसला की कर्जत, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. थोड्या दिवसांत इथेही तसंच होतं. ओळीत ६ने सुरू होणारा क्रमांक दिसला की मेन्डिप टेकड्यांमधल्या खाणींतून लंडनच्या अ‍ॅक्टन यार्डाकडे चाललेली दगडाची गाडी डोळ्यांसमोर येते.

हे सगळं पूर्वी सिग्नल केबिनच्या चार भिंतींत राहायचं. ब्रिटनमधले रूळ आणि सिग्नल सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलने २०१२मध्ये हे निरोप लोकांसाठी खुले केले. नाव नोंदवायचं, अटी मान्य करायच्या आणि निरोपांची धार आपल्या संगणकात घ्यायची. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली माहिती अशी लोकांच्या हाती दिली की त्यातून काय काय उगवतं, याचं हे फार सुंदर उदाहरण आहे.

अंधारातून सुरुवात

आपल्या प्रोग्रॅमचा गाभा इतका छोटा आहे की पहिल्यांदा लिहिताना विश्वास बसत नाही. एक तक्ता ठेवायचा: डावीकडे बर्थ, उजवीकडे त्यात बसलेली गाडी. ‘सीए’ निरोप आला की पहिल्या बर्थची चौकट पुसायची आणि दुसऱ्या बर्थमध्ये क्रमांक लिहायचा. ‘सीसी’ म्हणजे बर्थमध्ये नवा क्रमांक बसवला. गाडी जिथून सुटते तिथे हा येतो. ‘सीबी’ म्हणजे क्रमांक काढून टाकला. बस. दहा-पंधरा ओळींत हे लिहून होतं.

पण प्रोग्रॅम सुरू केला की पडदा संपूर्ण रिकामा असतो. गाड्या आहेत, आपल्याला मात्र त्यांच्याबद्दल अजून काही कळलेलं नाही, कारण निरोप हालचालीचे येतात, स्थितीचे नाही. फलाटावर उभी असलेली गाडी हलेपर्यंत आपल्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. मग एक गाडी सिग्नल ओलांडते आणि तिचा क्रमांक उजळतो. मग दुसरी. संध्याकाळी एखाद्या वस्तीतल्या खिडक्या एकेक करून उजळाव्यात तसा पाऊण तासात सगळा मार्ग भरून येतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी जेवण विसरून बसलो होतो.

नकाशावर जागा कुठे?

यानंतरचं काम चिकाटीचं. ०२१५ हा बर्थ जमिनीवर कुठे आहे, हे निरोपात लिहिलेलं नसतं. बर्थ आणि स्थानकं यांची सांगड घालणारा एक तक्ता खुल्या माहितीत मिळतो, त्यावरून स्थानकांपाशी खुंट्या ठोकता येतात. मधले बर्थ मात्र निरोपांवरूनच लावायचे. दोन दिवस सगळे निरोप साठवून ठेवायचे आणि कुठल्या बर्थनंतर कुठला येतो ते पाहायचं. ०२१३नंतर नेहमी ०२१५ येत असेल तर ते एका माळेतले मणी. एखाद्या बर्थनंतर कधी एक, कधी दुसरा येत असेल तर तिथे रूळ फुटतात, सांधा आहे. गाड्याच आपल्या वाटा सांगतात. माळ ओवली की ओपनस्ट्रीटमॅपमधल्या रुळांच्या रेषांवर ती अंथरायची.

अंथरताना एक निर्णय घ्यावा लागतो. खरा भूगोल दाखवायचा की पट? खऱ्या नकाशावर पॅडिंग्टनजवळ डझनभर बर्थ नखाएवढ्या जागेत कोंबले जातात आणि पुढे मोकळ्या माळरानात दोन बर्थ लांब लांब पडतात. हा पेच हॅरी बेकने सोडवला होता. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात आराखडे काढणाऱ्या या माणसाने १९३१मध्ये असा नकाशा काढला की ज्यात अंतरं खरी नव्हती पण क्रम आणि जोडण्या अचूक होत्या. १९३३मध्ये तो छापला गेला आणि आज जगभरच्या मेट्रोंचे नकाशे त्याच वळणाचे असतात. सिग्नलवाल्याचा पटही असाच असतो. मी शेवटी दोन्ही केले. गाडी कुठल्या गावापाशी आहे हे बघायला भूगोल, आणि कोण कोणाच्या मागे अडकलंय हे बघायला पट.

दोन निरोपांच्या मधे

आता सगळ्यांत नाजूक भाग. या मार्गावरच्या जलद गाड्या ताशी २०० किलोमीटरने धावतात. म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. निरोप आपल्यापर्यंत यायला आणि पडद्यावर उमटायला दहा सेकंद लागले, तर एवढ्यात गाडी अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते. शिवाय निरोप सिग्नलपाशीच येतो. तिथून पुढच्या सिग्नलपर्यंत गाडी नेमकी कुठे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. २६० मीटर लांबीची गाडी किलोमीटरभराच्या तुकड्यात ‘कुठेतरी’ आहे, एवढंच खरं.

पण ठिपका टुणकन उडी मारून पुढे गेला तर डोळ्याला बरं वाटत नाही. मग मोह होतो, की मागच्या वेगावरून अंदाज बांधावा आणि ठिपका अलगद सरकवावा. मीही तसं केलं. सुरेख दिसलं. दुसऱ्याच दिवशी पाहिलं, एक गाडी सिग्नलपाशी थांबली होती आणि माझा ठिपका मात्र सरकत सरकत तिच्या पुढच्या गाडीवर जाऊन बसला होता. पडद्यावर दोन गाड्या एका जागी. आर्माच्या काळातला हिशेब मी नकळत परत आणला होता: इतका वेळ गेलाय, म्हणजे आता ती इथे असेल.

हा पेच प्रत्येकाने आपापल्या माहितीप्रमाणे सोडवला आहे. जून २०१०मध्ये मॅथ्यू सॉमरविल यांनी एका हॅक डेमध्ये लंडनच्या भुयारी गाड्यांचा जिवंत नकाशा केला. त्या माहितीत गाडी किती वेळात पुढच्या स्थानकात पोचेल ते असे. त्यावरून उलटा हिशेब करून गाडी मार्गावर मांडली होती. नकाशा इतका लोकप्रिय झाला की माहिती पुरवणाऱ्या सेवेवर ताण पडून ती काही काळ बंद ठेवावी लागली. फिनलंडमध्ये डिजिट्राफिक या खुल्या सेवेतून गाड्यांची उपग्रहाधारित जागा आणि वेग थेट मिळतो, तिथे बर्थ ओवावेच लागत नाहीत. भारतात रेल्वेची संगणक संस्था क्रिस आणि इस्रो यांनी मिळून उभारलेली आरटीआयएस यंत्रणा इंजिनाची जागा दर ३० सेकंदांनी कळवते. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे अ‍ॅप तर डब्यात बसलेल्या प्रवाशाच्या फोनला दिसणाऱ्या मोबाईल टॉवरवरून जागा ओळखतं. काही नकाशे केवळ वेळापत्रकावर चालतात. तेही पाहायला छान असतात, फक्त त्यांतली गाडी कधीच उशिरा येत नाही.

मी माझा ठिपका काढून टाकला. त्याऐवजी गाडी ज्या तुकड्यात आहे तो अख्खा तुकडा रंगवला. निरोप ताजा असेल तर रंग गडद, जुना होत जाईल तसा फिका. पडद्यावरची सरसर गेली, पण जे दिसतं त्यावर विश्वास ठेवता येऊ लागला.

एकच नाव, दोन गाड्या

नकाशावरच्या गाडीवर बोट ठेवलं की ती कुठून कुठे चालली आहे आणि किती उशिराने, हे दिसावं असं वाटतं. त्यासाठी ट्रस्ट नावाची दुसरी धार घ्यावी लागते. हिची मुळं १९७०च्या दशकात ब्रिटिश रेल्वेने अमेरिकेच्या सदर्न पॅसिफिक रेल्वेकडून घेतलेल्या टॉप्स या संगणक यंत्रणेत आहेत. गाडी प्रमुख ठिकाणी आली, सुटली, रद्द झाली, असे निरोप या धारेतून येतात आणि सोबत वेळापत्रकातली वेळही येते.

दोन धारा जोडताना चार अक्षरांचा क्रमांक दगा देतो. एकाच दिवशी देशाच्या दोन टोकांना त्याच क्रमांकाच्या दोन गाड्या असू शकतात. ट्रस्टमध्ये म्हणून दहा अक्षरांची ओळख असते. तिच्यात गाडी सुटण्याच्या भागाचे आकडे, मग ती चार अक्षरं आणि शेवटी महिन्याची तारीख. गावात दोन विठ्ठल असले की आपण ‘वरच्या आळीतला’ म्हणतो, तसंच हे.

वेळेचंही तेच. मध्यरात्रीनंतर पोचणारी गाडी कालच्या दिवसाची. मार्चअखेर ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरअखेर मागे येतात. हिवाळ्यात पुणे लंडनच्या साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. साठवताना सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत ठेवायच्या आणि फक्त दाखवताना स्थानिक करायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला नाही तर एका रविवारी पहाटे सगळ्या गाड्या तासभर उशिरा धावताना दिसतात.

शांततेचे दोन अर्थ

शेवटचा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. रात्री दोन वाजता निरोप विरळ होतात. पाच मिनिटं काहीच आलं नाही, तर त्याचा अर्थ काय? एक तर गाड्या हलत नाहीत, किंवा आपलं कान देणं तुटलं आहे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखं दिसतं.

यासाठी त्या धारेत एक ‘सीटी’ नावाचा निरोप असतो. त्यात गाडीबद्दल काहीच नसतं. यंत्रणा ठरावीक अंतराने फक्त ‘मी जिवंत आहे’ म्हणते, हृदयाच्या ठोक्यासारखं. सीटी येतोय आणि सीए येत नाही, म्हणजे मार्ग खरोखर शांत आहे. सीटीही थांबला, म्हणजे आपल्याला काही माहीत नाही.

म्हणून मी एक नियम लिहिला. ठोका चुकला की नकाशाचा तेवढा भाग राखाडी करायचा. शेवटचं चित्र तसंच ठेवून वेळ मारून न्यायची नाही. रॉबिन्सनच्या रिलेला तुटलेली वायर आणि आलेली गाडी यांतला फरक कळत नाही, म्हणून तो दोन्ही वेळा लाल दाखवतो. आपल्या नकाशाकडे कोणाचा जीव सोपवलेला नाही आणि सोपवूही नये; अशा नकाशाच्या भरवशावर कोणी रूळ ओलांडण्याचा विचारही करता कामा नये. तरीही ते तत्त्व आपल्याला लागू आहे. शंका असेल तिथे यंत्राने खात्रीचा आव आणायचा नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर अख्खा देश घेऊ नका. एक स्थानक निवडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दहा बर्थ घ्या. कागदावर पेन्सिलने पट काढा. एक संध्याकाळ नुसते निरोप वाचा. मग लिहायला बसा. आणि राखाडी रंग शेवटी नव्हे, पहिल्याच दिवशी लिहा.

मध्यंतरी एका रात्री वीज गेली आणि घरातलं इंटरनेटही गेलं. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. मुलगी शेजारी बसून रेडिंगहून निघालेली एक गाडी बघत होती. काही क्षणांत रंग फिके झाले आणि सगळा मार्ग राखाडी झाला.

“बाबा, गाड्या गेल्या कुठे?”

“आहेत तिथेच. आपल्याला दिसत नाहीत एवढंच.”

ती जरा वेळ राखाडी पट्ट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं झालं, त्याने तसं सांगितलं. नाहीतर मी ती गाडी थांबलीय असंच समजले असते.”